करमाफीचे वचन आणि महापालिकेची किर्द

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बहुतेक शहरांत तीन-चार वर्षे, काही ठिकाणी त्याहूनही अधिक काळ, लोकनियुक्त सभागृहच नव्हते. प्रशासकच अंदाजपत्रक मांडीत होता आणि प्रशासकच ते मंजूर करीत होता. एवढ्या खंडानंतर मते मागण्याची पाळी आल्यावर पक्षांच्या जाहीरनाम्यांत करमाफीची कलमे येणार हे उघडच होते. इतके चौरस फूट माफ, तितके चौरस फूट माफ, असे आकडे आपण सर्वांनी वाचले. आमच्या व्यापारी बंधूंच्या गल्ल्याखाली त्यातील एखादे पत्रक अजून पडले असेल तर त्यांनी ते रद्दीत टाकू नये. ते कसे वाचायचे आणि अशा वचनांचे पूर्वी काय झाले, हे आम्ही या लेखात मांडणार आहोत. कोणत्या पक्षाला मत द्यावे हा या पानाचा विषय नाही. उधार मागायला आलेल्या गिऱ्हाइकाचे मागचे खाते आपण उघडून पाहतो, तेवढेच येथे करायचे आहे.

प्रारंभ जकातीपासून करू, कारण स्थानिक करांच्या राजकारणाचा मोठा भाग याच एका शब्दाभोवती फिरला. हा शब्द आपल्या कानाला विचित्र लागतो. शरीअतमधील जकात ही इबादत आहे. निसाबाच्या वर गेलेल्या स्वतःच्या बचतीवर अडीच टक्के, आणि तिचे हक्कदार कोण हे सूरह तौबामध्ये ठरवून दिलेले. मराठीत मात्र हाच शब्द शहराच्या वेशीवर मालमोटार अडवून घेतल्या जाणाऱ्या कराला चिकटला. मुंबईत मुलुंड, दहिसर, मानखुर्द येथील नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत, कागदपत्रे तपासली जात, मालाची किंमत कमी दाखवली असा संशय आला की गाडी बाजूला घेतली जाई. तोच माल पुन्हा शहराबाहेर गेला तर परतावा मिळण्याची तरतूद नियमांत होती. पण परताव्याच्या रकमेपेक्षा खेपा आणि वेळ यांचाच खर्च जास्त, म्हणून लहान व्यापारी त्या वाटेला फारसा जात नसे. ज्यांनी त्या काळात गाडी सोडवून आणली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

जकात रद्द करा ही व्यापाऱ्यांची मागणी जुनी, आणि ती मान्य आहे असे निवडणुकीपुरते सांगण्याची पद्धतही जुनी. १९९९ मध्ये नगरपालिकांच्या हद्दीतील जकात बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचे अनुदान आले. महानगरपालिकांची जकात मात्र चालू राहिली, कारण तेथे रकमा मोठ्या होत्या. मुंबईचेच पाहा. शेवटच्या वर्षांत एकट्या मुंबई महापालिकेला जकातीतून सात हजार कोटी रुपयांच्या आसपास उत्पन्न मिळत होते. एवढा झरा कोणताही सत्ताधारी पक्ष सहज बुजवीत नाही. विरोधात असताना जकातीवर टीका करणारा पक्ष सत्तेत आल्यावर पर्यायाचा अभ्यास चालू आहे असे म्हणू लागतो, हे आपण वर्षानुवर्षे पाहिले.

जकात गेली, एलबीटी आली

२०१० पासून काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आणली. आधी लहान महापालिकांत आणि मग १ एप्रिल २०१३ पासून पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत. सरकारचे म्हणणे असे, की नाके उठले, रांगा गेल्या, आता व्यापाऱ्याने स्वतःच हिशेब करून कर भरावा. कागदावर यात चूक काही नव्हती. परंतु नाक्यावर ट्रकवाला जो कर भरीत होता तो आता दुकानदाराच्या दारात आला. नोंदणी, दरमहा भरणा, खरेदीच्या नोंदवह्या, खात्यांची तपासणी, उशीर झाल्यास व्याज आणि दंड, हे सारे त्याच्या अंगावर पडले. विक्रीकर विभागाला एकदा हिशेब देणाऱ्याने तोच हिशेब महापालिकेलाही द्यायचा. दुकानात स्वतः बसणारा, मुलगा माल आणायला जाणारा, मुनीम ठेवण्याची ऐपत नसलेला व्यापारी यात सर्वांत आधी अडकला. एप्रिल-मे २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी राज्यभर बंद पाळला तो याच कारणाने. मुंबईत एलबीटी लागू करण्याचे घाटत होते, ते या विरोधापुढे अडले आणि तेथे जुनी जकातच चालू राहिली.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने एलबीटी रद्द करण्याचे वचन दिले. हे वचन पाळले गेले की नाही? गुळमुळीत उत्तर आम्ही देणार नाही. बऱ्याच अंशी पाळले गेले. मार्च २०१५ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांची एलबीटीतून सुटका झाली. मुंबई सोडून उरलेल्या महापालिकांत नोंदलेल्या लाखो व्यापाऱ्यांपैकी हजार-बाराशेच मोठे व्यावसायिक त्यात उरले, आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर तेही सुटले. मुंबईची जकात त्याच दिवशी संपली. श्रेय असेल तेथे ते दिले पाहिजे. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मते वेगळी असतील त्यांनीही हे खाते तसेच लिहावे.

पण खात्याला दुसरी बाजू असते. कर रद्द झाला तरी मागील वर्षांची कर-निर्धारणा रद्द झाली नव्हती. २०१३ ते २०१५ या काळातील हिशेब दाखवा, अशा नोटिसा व्यापाऱ्यांना पुढे कित्येक वर्षे येत राहिल्या. एलबीटी गेली असे समजून ज्यांनी त्या वर्षांची बिले फेकून दिली त्यांना एकतर्फी निर्धारणेला तोंड द्यावे लागले. अभय योजना आली होती, तिच्यात व्याज-दंड माफ होत होता, पण मुदतीत मूळ कर भरणाऱ्यालाच. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आहे. पुणे, ठाणे, नागपूर अशा महापालिकांच्या हद्दीत आज दुकानाचा गाळा विकत घ्यायला जा. दस्तावरील मुद्रांक शुल्कात एक टक्का अधिभार दिसेल आणि दस्तलेखक त्याला आजही एलबीटीच म्हणतो. मालावरची एलबीटी गेली, गाळ्यावरची राहिली. ती जाणार असे कोणी म्हटलेही नव्हते, म्हणून येथे वचनभंग नाही; मात्र 'एलबीटी हद्दपार' या फलकावर ही तळटीपही नव्हती.

जीएसटीने आणखी एक मोठा बदल केला, आणि पुढची सारी वचने समजून घेण्यासाठी तो ध्यानात ठेवला पाहिजे. जकात हा महापालिकेचा स्वतःचा कर होता. ती गेल्यावर नुकसानभरपाईचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि दरमहा राज्य शासन महापालिकांना रक्कम देऊ लागले. मुंबईला जुलै २०१७ मध्ये पहिला हप्ता ६४७ कोटी रुपयांचा मिळाला. मूळ रकमेत दरवर्षी आठ टक्के वाढीची तरतूद आहे. याचा अर्थ असा, की मालावरील कराबाबत आता नगरसेवकाच्या हाती काहीही नाही. सुतावरचा, लाकडावरचा, चामड्यावरचा, भंगारावरचा कर दिल्लीच्या जीएसटी परिषदेत ठरतो. व्यवसाय कर, जो आपण वर्षाला अडीच हजार रुपये भरतो, तो राज्याचा आहे. महापालिकेच्या निवडणुकीत कोणी या दोहोंबद्दल वचन देत असेल तर तो दुसऱ्याच्या दुकानातील माल विकतो आहे. स्थानिक सभागृहाच्या हाती उरतो तो मालमत्ता कर, पाणीपट्टी, परवाना शुल्क, मंडईचे भाडे आणि फलकाचे शुल्क.

पाचशे चौरस फुटांची गोष्ट

म्हणूनच जाहीरनाम्यांचा मोर्चा मालमत्ता कराकडे वळला. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत शिवसेनेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचे वचन दिले. पक्ष सत्तेवर आला आणि जुलै २०१७ मध्ये सभागृहाने तसा ठरावही केला. येथवर सारे ठीक. परंतु मुंबईचा मालमत्ता कर १८८८ च्या अधिनियमाखाली बसतो आणि त्यात अशी सरसकट सूट द्यायची तर कायद्यात दुरुस्ती हवी. ती करणार मंत्रालय. राज्यात त्या वेळी हाच पक्ष भाजपसोबत सत्तेत वाटेकरी होता. तरीही मंत्रिमंडळाचा निर्णय व्हायला मार्च २०१९ उजाडला, म्हणजे लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर.

आणि निर्णय झाला तो कशाचा? मालमत्ता कराचे बिल आमच्या वाचकांनी एकदा समोर ठेवून ओळीने वाचावे. मुंबईच्या बिलात सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिकेचा शिक्षण उपकर, राज्याचा शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथ कर अशा दहा ओळी असतात. २०१९ मध्ये माफ झाली ती त्यातील फक्त पहिली ओळ. समजा एखाद्याचे वर्षाचे बिल पाच हजारांचे आहे आणि त्यात सर्वसाधारण कर दीड हजार आहे, तर त्याला दीड हजार माफ आणि साडेतीन हजार देय. जाहीर सभेत 'मालमत्ता कर माफ' असे ऐकलेल्या माणसाच्या हातात पुढे बाकीच्या ओळींचे बिल पडले, तेव्हा त्याला ती फसवणूक वाटली यात नवल नाही.

संपूर्ण माफीची घोषणा १ जानेवारी २०२२ रोजी झाली. तोवर मुख्यमंत्रिपद शिवसेनेकडेच होते आणि महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपणार होती. सुमारे १६ लाख घरांना याचा लाभ होणार आणि महापालिका व राज्य मिळून वर्षाला ४६२ कोटी रुपयांच्या उत्पन्नावर पाणी सोडणार, असे सांगण्यात आले. तेव्हा या वचनाचे खाते असे लिहावे लागते: दिले २०१७ ला, अर्धवट पाळले २०१९ ला, पूर्ण पाळले २०२२ ला, आणि दोन्ही वेळा निवडणूक दारात असताना. वचन खोटे ठरले नाही. पण मधल्या पाच वर्षांत, आता माफच होणार या भरवशावर ज्यांनी बिल भरायचे थांबवले त्यांची थकबाकी साचली, आणि मालमत्ता कराच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. आमच्या ओळखीतील अनेक कुटुंबांत हे घडले.

आता व्यापारी आणि कारागीर म्हणून आपला मुद्दा. ही माफी घराला आहे, दुकानाला नाही. गाळा दोनशे चौरस फुटांचा असला तरी त्याला पाचशे फुटांचा नियम लागत नाही. उलट बिगरनिवासी वापराला दर चढा असतो, राज्याचा शिक्षण उपकर चढ्या दराने लागतो आणि रोजगार हमी उपकर तर केवळ बिगरनिवासी मालमत्तांवरच आहे. पागडीच्या गाळ्यात मालक हा वाढीव कर अखेर भाडेकरूच्याच पावतीवर आणतो. ज्या घरात पुढच्या खोलीत शिवणयंत्रे आहेत, मागे कुटुंब राहते, तेथे बिलावर वापर काय लिहिला आहे हे आजच पाहून घ्यावे. कारण सूट मिळते ती बिलावरील वापराला, घरातील माणसांच्या संख्येला नव्हे.

याच मुंबईत फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रशासकाच्या काळात मांडलेल्या अंदाजपत्रकाने झोपडपट्टीतील व्यापारी गाळ्यांवर मालमत्ता कर बसवण्याचा प्रस्ताव आणला. सुमारे अडीच लाख झोपड्यांपैकी किमान वीस टक्के, म्हणजे पन्नास हजार, दुकाने, गोदामे, हॉटेले अशा वापरात आहेत आणि त्यांच्याकडून ३५० कोटी रुपये मिळतील, असा अंदाज होता. धारावी, गोवंडी, कुर्ला येथील आपले चर्मकारागीर, जरीवाले, भंगारवाले, बेकरीवाले यांनाच हा कर लागतो. एकीकडचे ४६२ कोटी भरून काढण्यासाठी दुसरीकडचे ३५० कोटी मागितले, असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा आमच्याजवळ नाही. पण ज्या तिजोरीतून एकाला सूट मिळते तीच तिजोरी भरण्यासाठी दुसऱ्याकडे पाहिले जाते, हे कोणत्याही दुकानदाराला शिकवावे लागत नाही. माफीचे वचन निवडणुकीत मोठ्या अक्षरांत येते, आणि नवा कर अंदाजपत्रकाच्या भाषणात एका परिच्छेदात येतो.

पावती म्हणजे परवाना नव्हे

पिंपरी-चिंचवडची कथा याहून कडू आहे. २००८ मध्ये महापालिका कायद्यात कलम २६७ अ आले. अवैध बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची ती तरतूद. कामगारांच्या या शहरात गुंठा-अर्ध्या गुंठ्यावर घरे आणि शेड उभी राहिलेली, त्यामुळे शास्तीचा आकडा वर्षानुवर्षे फुगत गेला आणि 'शास्तीकर माफी' हा तेथील प्रत्येक निवडणुकीचा विषय झाला. २०१७ च्या सुरुवातीला, महापालिका निवडणुकीच्या आधी, ६०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी बांधकामांना सूट मिळाली. २०१९ मध्ये ती मर्यादा हजार फुटांवर गेली. डिसेंबर २०२२ मध्ये संपूर्ण माफीची घोषणा झाली आणि शासन निर्णय निघाला ३ मार्च २०२३ रोजी. चिंचवड पोटनिवडणुकीचा निकाल लागला होता २ मार्चला. मूळ कर आधी पूर्ण भरावा, ही अट होतीच.

आता या माफीचा अर्थ लोकांनी काय घेतला? शास्ती माफ झाली, कर भरला, म्हणजे आपले शेड पक्के झाले. कायदा असे म्हणत नाही. कर आणि शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडी भागात महापालिकेने काही दिवसांत चार हजारांहून अधिक शेड, गोदामे आणि दुकाने पाडली. भंगार, लाकूड, पुठ्ठा, प्लास्टिक यांचा धंदा करणाऱ्या तेथील लोकांत आपल्या बांधवांची संख्या मोठी होती. अनेकांजवळ कराच्या पावत्या होत्या, वीजबिले होती, जीएसटीचा क्रमांक होता. यातील कोणताही कागद जेसीबीपुढे उपयोगी पडला नाही. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेवर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पर्यायी जागा न देता हजारो माणसांचा रोजगार एका आठवड्यात उठवणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. पण व्यापाराच्या पानावर सांगण्याची गोष्ट ही, की करमाफीचे वचन देणाऱ्याला विचारायचा प्रश्न 'किती माफ करणार' हा नव्हता. 'नियमित कधी करणार आणि कोणत्या नियमाखाली' हा होता. तो प्रश्न मोठ्याने विचारला गेला नाही, कारण दोन्ही बाजूंना माफीची भाषा सोयीची होती.

पुण्याचे उदाहरण थोडक्यात सांगतो. स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात चाळीस टक्के सवलत तेथे १९७० च्या ठरावापासून चालू होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, शासनाने सवलत काढली आणि लोकांना फरकाची बिले गेली. मार्च २०२३ मध्ये कसब्याची पोटनिवडणूक सत्ताधाऱ्यांच्या हातून गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा मान्य केली. पन्नास वर्षांचा महापालिकेचा ठराव शासनाच्या एका निर्णयाने जातो आणि दुसऱ्या निर्णयाने परत येतो. नगरसेवकाच्या वचनाला कुंपण कोठे आहे ते यावरून कळावे.

आपल्या माणसांचे खातेही पाहावे

हे सारे मोठ्या पक्षांचे झाले. आपल्या मोहल्ल्यांतून निवडून जाणारे, समाजाच्या नावाने मते मागणारे पक्ष यातून सुटत नाहीत. कब्रस्तानची भिंत, शादीखान्याची जागा, रमजानमधील पाणी आणि दिवाबत्ती यावर ते सभागृहात बोलतात आणि ते बोललेच पाहिजे. पण ज्या दिवशी कराचे दर ठरतात त्या दिवशी त्यांचा आवाज इतिवृत्तात क्वचितच सापडतो. मशिदी-मदरशांना करमाफी मिळवून देऊ, असेही वचन कधी कधी ऐकू येते. केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींना सर्वसाधारण करातून सूट कायद्यातच आहे. ती कोणी नव्याने मिळवून द्यायची नाही. आणि मशिदीच्या तळमजल्यावर भाड्याने दिलेल्या गाळ्यांना ती लागत नाही, कारण त्यातून भाडे येते. वक्फच्या गाळ्यांत बसलेल्या आपल्या शेकडो दुकानदारांनी उमेदवाराकडून ऐकायला हवे ते या गाळ्यांच्या दराबद्दल.

उलट काही सवलती अशा आहेत की ज्यांचा गाजावाजा झाला नाही आणि म्हणून आपल्यापैकी पुष्कळांना त्या माहीतच नाहीत. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची सक्ती उरली नाही. केवळ सूचना द्यावी लागते, तीही शुल्काविना. तरीही जुन्या परवान्याचे नूतनीकरण करून देतो म्हणून पैसे घेणारे दलाल आजही बाजारातून फिरतात.

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा कुरआनचा आदेश सूरह बकरामध्ये किती तपशिलाने आला आहे हे आपण जाणतो. व्यापारात आपण तो बऱ्यापैकी पाळतो. पक्षाच्या वचनाबाबत मात्र तोंडी व्यवहारावर समाधान मानतो. बाजाराच्या संघटनेने एक साधी वही घालावी असे आम्ही सुचवतो. डाव्या पानावर वचन, दिलेल्या तारखेसह आणि पत्रक चिकटवून. उजव्या पानावर ठरावाचा क्रमांक, शासन निर्णयाची तारीख आणि त्यानंतर आलेल्या बिलातील फरक रुपयांत. जाहीरनामा ही किर्द नव्हे; महापालिकेची किर्द म्हणजे सभागृहाचा ठराव. तो मागवणे अवघड नाही. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्कात अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जात 'करवाढीबाबत सर्व माहिती द्यावी' असे मोघम लिहू नये. 'अमुक वर्षाच्या कर-दर ठरवणाऱ्या सभेचे इतिवृत्त आणि मतदानाची नोंद' असे नेमके मागावे.

ही सभा केव्हा होते? मुंबईबाहेरील महापालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमातील कलम ९९ सांगते, की पुढील वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवले पाहिजेत. म्हणजे उमेदवाराला गाठायचे ते प्रचारात नव्हे, जानेवारीच्या अखेरीस. स्थायी समितीपुढे आयुक्तांचा प्रस्ताव आलेला असतो, त्यातील बिगरनिवासी दराची ओळ पाहावी, आपल्या बाजारातील चार-पाच प्रत्यक्ष बिले सोबत न्यावीत आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी निवेदन देऊन पोच घ्यावी. नगरसेवक म्हणाला, 'हे तर शासनाच्या हातात आहे,' तर त्याला एवढेच विचारावे: मग सभागृहाने शासनाकडे शिफारस केली का, आणि तिचा ठराव क्रमांक काय?

दर ठरल्यानंतर आपल्या गाळ्याची आकारणी वाढवणारी विशेष नोटीस आली, तर तिच्यावरील हरकतीची मुदत नोटिशीतच छापलेली असते; ती चुकवू नये. सुनावणीला भाडेकरार, गाळ्याचे प्रत्यक्ष मोजमाप आणि मागील तीन वर्षांची बिले घेऊन जावे. हरकत फेटाळली गेली तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांपुढे अपील करता येते, परंतु मुदत पंधरा दिवसांची आहे आणि वादातील रक्कम आधी भरावी लागते. ती भरताना पावतीवर 'हरकतीसह भरणा' असे लिहून घ्यावे आणि पावतीची प्रत वहीच्या उजव्या पानावर लावावी.